वाचकांचे प्रश्न : जिग घेऊ की टेबल?

मागच्या अंकात दगड फोडणाऱ्या जॉ क्रशर आणि दळणाऱ्या बॉल मिलबद्दल लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आली की या वेळी सगळी जागा त्यांनाच दिली. बहुतेकांचा प्रश्न फिरून तोच आहे, दगड तर फोडला, आता त्यातून कामाचा माल वेगळा कसा काढायचा आणि त्यासाठी मशीन कोणती घ्यायची. पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलंय, कारण त्या भाऊंचं कर्ज त्यावर अवलंबून आहे.

प्रश्न : सर नमस्कार. मी मनसरकडचा, आमचं गिट्टीचं क्रशर आहे. एका लीजवाल्याच्या जुन्या मँगनीज डंपचं (टाकून दिलेल्या मालाच्या ढिगाचं) काम घेऊन राहिलो. मालात मँगनीज २५ टक्क्यांच्या आसपास आहे, सिलिका (गारगोटीतला घटक) लय आहे. मशीनवाली पार्टी म्हणते जिग लावा, ३८ पर्यंत नेऊन देतो. त्यांच्याकडे दोन पोते माल नेऊन ट्रायल घेतली तर ३० च्या वर गेलंच नाही, सिलिका पण तशीच. पण खाली जो माल आला तो हातात घेतला तर चांगला जड लागते. पार्टी म्हणते ही छोटी मशीन आहे, मोठीत बरोबर होईल. कर्ज काढावं लागेल. घेऊ का?
(वाचक, मनसर)

उत्तर : भाऊ, आत्ता घेऊ नका. का ते सांगतो, नीट वाचा.

आपल्या आया तांदूळ रोळायच्या ते तुम्ही पाहिलं असेल, पाण्यात हलवत हलवत तांदूळ पुढं जातो आणि खडा मागं राहतो. जिग म्हणजे तेच काम मोठ्या प्रमाणावर. जाळीवर मालाचा थर असतो, खालून पाण्याचा धक्का येतो, थर उचलला जातो, सैल होतो, पाणी खाली ओढलं की सगळं परत बसतं, आणि बसताना जड दाणा आधी खाली जातो. हे मिनिटाला शे-दीडशे वेळा झालं की जड माल तळाला, हलका वर, आणि दोन वेगळ्या वाटांनी दोघं बाहेर. मशीन जुनी आहे, साधी आहे, आपल्या भागातल्या मँगनीजला चालते सुद्धा, त्यामुळे पार्टी खोटं बोलतेय असं मी म्हणत नाही. पण जिगला फक्त वजन कळतं, मँगनीज कळत नाही, आणि तुमची अडचण तिथंच आहे.

एक साधा हिशोब शिकून घ्या, कागदावर दोन मिनिटात होतो. जड खनिजाच्या घनतेतून १ वजा करा (हा पाण्याचा), हलक्या खनिजाच्या घनतेतून पण १ वजा करा, मग पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा. उत्तर २.५ च्या वर आलं तर वजनावर चालणारी जवळपास कुठलीही मशीन काम करेल, अगदी बारीक मालावर सुद्धा. १.२५ च्या खाली आलं तर विषय सोडून द्या. मधे असलं तर माल किती जाड ठेवता आणि चाळून किती सारखा करता त्यावर सगळं. आता आपल्याकडचं मुख्य मँगनीज खनिज ब्राउनाइट, घनता साधारण ४.८, आणि गारगोटी २.६५. म्हणजे ३.८ भागिले १.६५, उत्तर २.३. चांगलं आहे. पार्टी हेच बघून ३८ म्हणतेय.

पण मनसर, कांद्री, गुमगाव, पलीकडे भंडारा-बालाघाट, या सगळ्या पट्ट्यात मँगनीजसोबत गोंडाइट नावाचा दगड येतो. हे नाव आपल्या गोंड लोकांवरून पडलंय, फर्मर नावाच्या भूवैज्ञानिकांनी दिलेलं. गोंडाइट म्हणजे गारगोटी आणि मँगनीजचं गार्नेट (तामडा), त्या गार्नेटला स्पेसार्टाइन म्हणतात. त्याची घनता ४.२ च्या आसपास. आता तोच हिशोब परत करा, ३.८ भागिले ३.२, उत्तर १.२ च्या खाली. जिगला ब्राउनाइट आणि हे गार्नेट यात फरकच दिसत नाही, दोघं बरोबर तळाला जातात, म्हणून तर तुमच्या हाताला माल जड लागला! शुद्ध स्पेसार्टाइनमध्ये मँगनीज ३३ टक्के असतं आणि सिलिका ३६ टक्के. म्हणजे गारगोटी सगळी निघून गेली तरी आकडा ३०-३३ वर अडकणार आणि सिलिका हलणार नाही. तुमच्या ट्रायलचे आकडे मला अगदी असेच दिसतात. आणि तसं असेल तर छोटी मशीन, मोठी मशीन, काही फरक पडत नाही.

दुसरी शक्यता पण आहे, ती असेल तर बरं. कदाचित गार्नेट कमीच असेल पण ब्राउनाइट आणि गारगोटी एकाच खड्यात चिकटून बसलेले असतील. १५ मिलिमीटरच्या खड्यात अर्धं हे अर्धं ते असेल तर जिग त्याला कुठं पाठवणार, तो मधलाच दगड आहे, त्याला आम्ही मिडलिंग म्हणतो. दाणा मोकळाच झाला नसेल तर जगातली कुठलीच मशीन त्याला वेगळं करू शकत नाही, हे मी माझ्या नोकरीत मोठी किंमत देऊन शिकलो. तरुण होतो तेव्हा ज्या कंपनीत होतो तिथं आधी स्पायरल (नागमोडी पन्हळीतून पाणी सोडून माल वेगळा करायची मशीन) विकत घेतले, उभे केले, पाण्याची लाईन टाकली, आणि नंतर माल सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. दाणे १०० मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या) खाली गेल्याशिवाय सुटतच नव्हते आणि त्या बारकाईला ते स्पायरल काही कामाचे नव्हते. दोन पावसाळे तसेच उभे होते, त्यांच्याखाली गवत वाढलं. खरेदीच्या कागदावर माझीही सही होती. तेव्हापासून कोणी मशीनचं नाव काढलं की मी आधी मालाचं विचारतो.

म्हणून भाऊ, आता काय करायचं. तुमच्या मालाचे चाळणीनं चार-पाच भाग करा, समजा २५ ते १०, १० ते ३, ३ ते १, आणि १ च्या खाली, प्रत्येक भागाचं वेगळं अ‍ॅसे करा, म्हणजे त्यात मँगनीज किती टक्के ते तपासून घ्या. बारीक भागात मँगनीज वर जात असेल तर माल फोडल्यावर सुटतोय असं समजा. मग लॅबमध्ये सिंक-फ्लोट टेस्ट करून घ्या, २.९ च्या आसपास घनतेच्या जड द्रवात माल टाकतात, गारगोटी तरंगते, बाकी बुडतं. (हे द्रव विषारी असतात, घरी करायचं काम नाही.) बुडालेल्या मालाचं अ‍ॅसे ४५ च्या पुढं आलं तर खुशाल जिगचा विचार करा, पण तेही ३०-३३ वर अडकलं तर गार्नेट आहे. सोबत सूक्ष्मदर्शकाखाली आणि एक्सरे डिफ्रॅक्शनवर खनिजं कोणती ते बघून घ्या म्हणजे वादच राहणार नाही. हे सगळं आपल्या नागपुरातच होतं, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सची खनिज प्रक्रिया लॅब आणि पायलट प्लँट हिंगण्याला आहे. देशभरातून लोकं तिथं माल पाठवतात आणि आपल्यातल्या कित्येकांना ती जागा माहीतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. तिथं जाऊन विचारा, फी किती पडते ते बघा, मशीनच्या कर्जापुढं ती काहीच नसेल.

आणि दोन पोते माल कुठून भरले होते? डंपच्या कडेचे, हाताशी आलेले? डंपमध्ये जाड दगड घरंगळत पायथ्याशी जातो आणि बारीक वर राहतो, त्यामुळे एका जागचा माल म्हणजे सगळा डंप नव्हे. वेगवेगळ्या ठिकाणी खड्डे घ्या, वरून खालपर्यंत, सगळं एकत्र फोडा, ताडपत्रीवर शंकूसारखा ढीग करा, चपटा करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका, परत ढीग करा, असं करत करत सॅम्पल लहान करत आणा. कंटाळवाणं काम आहे पण इथं आळस केला तर पुढचे सगळे आकडे फुकट.

पार्टीला अजून एक विचारा, रिजेक्टचं अ‍ॅसे किती आलं? तुमच्या पत्रात ते नाहीच. कॉन्सन्ट्रेटचा, म्हणजे वेगळ्या काढलेल्या चांगल्या मालाचा, आकडा सगळे दाखवतात, फेकलेल्या मालाचा कोणी दाखवत नाही. समजा फीड (मशीनमध्ये घातलेला माल) २५, कॉन्सन्ट्रेट ३८, आणि रिजेक्ट १४ आलं. २५ मधून १४ गेले ११, ३८ मधून १४ गेले २४, ११ भागिले २४ म्हणजे १०० टनातून जेमतेम ४६ टन माल हाती लागला. आणि मँगनीजचा हिशोब केला तर ७० टक्के तुमच्याकडे आलं, ३० टक्के परत डंपवर. एवढ्यावर कर्जाचा हप्ता, वीज, पाणी, डिझेल निघतं का ते तुम्ही बघा.

सिलिकाबद्दल पण सांगून ठेवतो. ब्राउनाइट अगदी शुद्ध असलं तरी त्याच्या आतच जवळपास १० टक्के सिलिका असते, ती कुठल्याही मशीननं निघत नाही कारण ती दगडात मिसळलेली नाही, खनिजाच्या रचनेतच आहे. त्यामुळे ब्राउनाइटच्या मालाला कोणी ५ टक्के सिलिकाची हमी दिली तर तिथून उठून या.

कागदाचं तर तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहितो. मँगनीज हे मेजर मिनरल आहे, १९५७ च्या खाण कायद्यात येतं, डंप जुना असो नवा असो, लीजवाल्याचा कागद आणि वाहतुकीचा परवाना हातात असल्याशिवाय एक ट्रकसुद्धा हलवू नका.

प्रश्न : दादा, ४ फूट व्यासाची बॉल मिल बनवली, ७५ एमएमचे गोळे टाकले, ४० आरपीएमवर चालवून राहिलो पण माल बारीकच होत नाही. आवाज पण येत नाही जसा यायला पाहिजे. गोळे बदलू का?
(वाचक, बुटीबोरी)

उत्तर : गोळे नका बदलू, स्पीड कमी करा. ड्रमच्या आतल्या व्यासातून गोळ्याचा व्यास वजा करा, दोन्ही मीटरमध्ये, त्याचं वर्गमूळ काढा आणि ४२.३ ला त्यानं भागा. तुमचं १.२२ उणे ०.०७५ म्हणजे १.१४५, वर्गमूळ १.०७, उत्तर ३९.५. या स्पीडला गोळे भिंतीला चिकटून ड्रमसोबत गोल फिरतात, खाली पडतच नाहीत, म्हणून आवाज नाही आणि म्हणून दळण नाही. या आकड्याच्या ७० ते ७५ टक्क्यांवर चालवा, म्हणजे २८ ते ३० आरपीएम. गोळे ड्रमच्या ३५-४० टक्के भरा. पुली बदलली की काम होईल.

प्रश्न : आमचं हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. एका गिऱ्हाइकानं शेकिंग टेबल (हलवून आणि पाणी सोडून जड-हलका माल वेगळा करायचं टेबल) बनवून द्या म्हटलं. व्हिडिओ बघून एक बनवलं, टेबल हलते, पाणी वाहते, पण माल पुढे सरकतच नाही, जागच्या जागी नाचते. काय चुकलं?
(वाचक, हिंगणा)

उत्तर : तुमचं पत्र वाचून आनंद झाला, आपल्या एमआयडीसीत ही मशीन बनायलाच पाहिजे, बाहेरून आणायची काही गरज नाही.

मी अंदाज करतो की तुम्ही साधा क्रँक लावलाय, जेवढ्या वेगानं पुढं तेवढ्याच वेगानं मागं. इथंच चुकलंय. टेबलचा सगळा जीव त्याच्या झटक्यात आहे. पुढं जाताना सावकाश आणि मागं येताना एकदम झटक्यानं. सावकाश पुढं जाताना दाणा टेबलासोबत जातो, मग टेबल पायाखालून खसकन मागं ओढलं की दाणा आहे तिथंच राहतो, म्हणजे टेबलाच्या मानानं एक पाऊल पुढं गेला. ताटातले पोहे एका बाजूला गोळा करायला आपण ताट कसं हिसडतो, तसं. दोन्हीकडं सारखंच हललं तर दाणा पुढं-मागं नाचणारच. आर्थर विल्फली यांनी १८९० च्या दशकात अमेरिकेत हे टेबल आणलं, आजही जगभर त्यांचंच नाव घेतात, आणि त्यांच्या यंत्राचा गाभा हाच होता. त्यासाठी हेड मोशनमध्ये (टेबल हलवणाऱ्या भागात) पिटमन-टॉगल आणि स्प्रिंग लागते, किंवा एक्सेंट्रिकसोबत बंपर. नुसत्या क्रँकनं होत नाही.

बाकीच्या गोष्टी पटपट सांगतो. रिफल म्हणजे टेबलावरच्या पट्ट्या, त्या मोटरकडच्या टोकाला उंच आणि कॉन्सन्ट्रेटच्या टोकाकडं उतरत उतरत शून्य व्हायला पाहिजेत, सगळीकडं सारख्या उंचीच्या लावल्या तर जड माल त्यांच्यामागं अडकून बसतो. आडवा उतार थोडा, आणि तो चालू मशीनवर बदलता यायला पाहिजे, कारण ऑपरेटर दिवसभर तेच करत असतो, पाणी आणि उतार, पाणी आणि उतार. स्ट्रोक १० ते २५ मिलिमीटर आणि मिनिटाला २४० ते ३२५ झटके या हिशोबात ठेवा. जाड वाळूला स्ट्रोक लांब आणि झटके कमी, बारीक मालाला उलट. आणि फाउंडेशन! लोखंडी स्टँडवर उभं करून दिलं तर झटका दाण्याला जायच्या ऐवजी स्टँडला जातो. खाली काँक्रीटच पाहिजे, गिऱ्हाईक कुरकुर करेल तरी सोडू नका.

गिऱ्हाइकाला हे पण आधीच सांगा की पूर्ण साईजचं टेबल, म्हणजे साधारण १५ फूट बाय ६ फूट, दीड मिलिमीटरच्या वाळूवर तासाला २ टनाच्या आसपास घेतं आणि १०० मायक्रॉनच्या मालावर अर्ध्या टनाच्या आसपास. तासाला १० टन म्हणून विकलं तर भांडणं होतील. टेबल ही कमी मालाची, पण अतिशय स्वच्छ काम करणारी मशीन आहे. जड माल कुठं चाललाय ते डोळ्यांना दिसतं, काळी, तांबूस, पांढरी अशी पट्टी पंख्यासारखी उघडते. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा डबा खायचा विसरून तिथंच उभा होतो. आपल्या जिल्ह्यात कुही-खोबण्याकडं टंगस्टनची खनिजं सापडलेली आहेत, त्यातलं शीलाइट ६ च्या आसपास घनतेचं, असा माल टेबलावर फार सुंदर वेगळा होतो.

प्रश्न : काका, आमचं इतवारीत सोन्याचं काम आहे, वडिलोपार्जित. झाडलेली माती, घासायचा कपडा, पॉलिशचा चुरा सगळं जपून ठेवतो. आधी झारेकरी यायचे, ते नेऊन धुवायचे. आता ते येत नाहीत, मुलं दुसऱ्या कामाला लागली. ओळखीचा एक जण म्हणतो पारा टाकून घोळा, सगळं सोनं निघते. दुसरा म्हणतो छोटी मशीन घ्या. काय करू?
(वाचक, इतवारी)

उत्तर : पारा घरात आणू नका. ही विनंती नाही, हात जोडून सांगतो. पारा सोन्याला धरतो हे खरं, पण मग तो उडवायला गोळा तापवावा लागतो आणि त्याची वाफ ना दिसते ना तिला वास येतो. दुकानाच्या मागं घर, घरात लहान मुलं, ती वाफ भिंतीत, लाकडात बसते आणि परत परत बाहेर येत राहते. मेंदू, मज्जातंतू आणि किडनी यांवर परिणाम होतो. पाऱ्याचा वापर कमी करायचा जो मिनामाता करार आहे तो भारतानं २०१८ मध्ये मान्य केलाय, ते काही उगाच नाही.

आणि तुम्हाला पाऱ्याची गरज पण नाही. वरच्या मनसरच्या भाऊंना जो हिशोब सांगितला तो तुमच्या मालाला लावा. २२ कॅरेटची घनता १७-१८, वाळू-माती २.६५, उत्तर १० च्या आसपास येतं. इतकं सोपं सेपरेशन खाणवाल्यांच्या नशिबी नसतं. म्हणून तर झारेकरी आणि आपले भंडारा-गोंदियाकडचे सोनझरी नुसत्या लाकडी पाटीवर आणि पाण्यावर हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले. नदीच्या वाळूतलं सोनं ते हाताच्या हिसक्यावर काढायचे, टेबल जे करतं तेच त्यांचं मनगट करायचं. त्यांच्यातलं कोणी म्हातारं माणूस अजून तुमच्या ओळखीत असेल तर आधी त्यांना बोलवा, पैसे द्या, आणि तुमच्या पोराला शेजारी बसवा. हे ज्ञान आपल्या डोळ्यांसमोर नाहीसं होत चाललंय.

स्वतः करायचं असेल तर क्रम असा. कपडा, कागद, लाकूड हे उघड्या चुलीवर नको, बंद भट्टीत जाळून राख करा, पंखा-हवा नको, बारीक सोनं राखेसोबत उडतं. मग चुंबक फिरवा, कानशीचा लोखंडी चुरा ७.८ घनतेचा असतो, तो काढला नाही तर सोन्यासोबत तळाला बसेल. मग चाळा, जाड वेगळं बारीक वेगळं, आणि प्रत्येक भाग वेगळा धुवा, हे फार महत्त्वाचं आहे, कारण वाळूचा मोठा दाणा आणि सोन्याचा छोटा दाणा पाण्यात एकाच वेगानं खाली जाऊ शकतात. सोन्याचा चपटा बारीक कण पाण्यात भिजत नाही, वरच तरंगतो आणि वाहून जातो, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका. धुतलेलं पाणी लगेच मोरीत सोडू नका, पिंपात रात्रभर बसू द्या, तळाचा गाळ साठवा.

अगदी बारीक पॉलिशच्या धुळीतलं सोनं मात्र पाटीवर धरत नाही. त्याला मोठ्या प्लँटवर सेंट्रिफ्यूगल कॉन्सन्ट्रेटर वापरतात, कॅनडाचं नेल्सन हे त्यातलं गाजलेलं नाव, भांडं जोरात फिरवून दाण्याचं वजन साठ-साठ पट करतात म्हणजे बारीक कणही बसतो. एका दुकानासाठी ते घेणं परवडणार नाही. तो बारीक गाळ साठवून रीतसर रिफायनरीला द्या, आणि देताना तुमच्यासमोर सॅम्पल काढायला लावा, अर्धं तुमच्याकडं ठेवा.

प्रश्न : सर, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीला व्हिजिट झाली. तिथं तांब्याचं खनिज फेसावर तरंगून वर येतं. पण ते तर गारगोटीपेक्षा जड आहे ना? पुस्तकात सरफेस टेन्शन वगैरे लिहिलंय पण डोक्यात बसत नाही.
(विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : बरोबर जागी अडकलायस. तिथलं खनिज चाल्कोपायराइट, घनता ४.२, आणि गारगोटी २.६५, तरी जड वर आणि हलकं खाली. कारण इथं वजनाचा विचारच नाही, इथं बघायचं कोणाला पाणी आवडतं आणि कोणाला नाही.

पावसाळ्यात अळूच्या पानावर पाणी पडलं की मोत्यासारखं गोल होऊन घरंगळतं, पान कोरडंच. बाजूच्या पालकाच्या पानावर तेच पाणी पसरतं. आता समज हौदात दोन दाणे आहेत, एक अळूसारखा, एक पालकासारखा, आणि खालून हवेचे बुडबुडे येतायत. पालकासारखा दाणा पाण्याला धरून बसलाय, बुडबुडा त्याला घासून निघून जातो. अळूसारख्या दाण्याला पाणी नकोच आहे, तो बुडबुड्याला चिकटतो. बुडबुडा त्याच्यापेक्षा बराच मोठा आणि हवेनं भरलेला, तो त्याला घेऊन वर जातो. दाणा स्वतः तरंगत नाही, बुडबुड्यावर बसून येतो, एवढं लक्षात ठेव.

मग चाल्कोपायराइटला अळू कोण बनवतं, तर झँथेट नावाचं रसायन. त्याचं एक टोक सल्फाइडला (गंधक असलेल्या खनिजाला) धरतं आणि दुसरं तेलकट टोक बाहेर राहतं. गारगोटीवर ते बसतच नाही, सगळी गंमत त्या आवडीनिवडीत आहे. फेस टिकायला पाइन ऑइलसारखं फ्रॉदर. आणि चुना टाकताना तू बघितला असशील, तो पायराइटसाठी. पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) पण सल्फाइडच, ते पण वर यायला बघतं, चुन्यानं पाणी अल्कलाइन केलं की त्याच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्साइडसारखा थर बसतो आणि ते खाली राहतं. तांबं जेमतेम टक्का-सव्वा टक्का असलेल्या दगडातून वीस टक्क्यांच्या पुढचं कॉन्सन्ट्रेट निघतं ते याच्या जोरावर. ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे मोठ्या प्रमाणावर सुरू झालं, तेही जिग-टेबलांनी टाकून दिलेल्या टेलिंगच्या ढिगांवर. त्या ढिगात जस्त आहे हे सगळ्यांना माहीत होतं, काढता कोणालाच येत नव्हतं.

अजून एक प्रयोग सुचवतो. कॉलेजच्या लॅबमध्ये फ्लोटेशन सेल असेल तर सरांच्या परवानगीनं दोन वेळा चालव, एकदा १५० मायक्रॉनवर दळून, एकदा ७५ वर. रिकव्हरी काढ. मग फेस सूक्ष्मदर्शकाखाली बघ. जाड दळणात तुला असे दाणे दिसतील ज्याच्या एका कोपऱ्यात सोनेरी ठिपका आहे आणि बाकी सगळी गारगोटी. तो दाणा कुठं गेला, फेसात की टेलिंगमध्ये, हे तू स्वतः बघितलंस की लिबरेशन (दाणा मोकळा होणं) हा शब्द परत पाठ करावा लागणार नाही. झँथेटचा डबा उघडा ठेवू नकोस, ओलाव्यानं त्यातून कार्बन डायसल्फाइड सुटतो, तो पेट घेतो.

प्रश्न : दादा, मी शाळेत शिक्षिका आहे, मशीनचं मला काही कळत नाही, पण तुमचं सदर वडिलांमुळे वाचते. माझी आजी कांद्रीच्या खाणीवर कामाला होती, दगड फोडायची आणि निवडायची. ती म्हणते तेव्हा मशीन आम्हीच होतो. हे खरं का? हातानं एवढं काम व्हायचं?
(वाचक, रामटेक)

उत्तर : ताई, अगदी खरं. आपल्या पट्ट्यात मँगनीजचा धंदा १८९६ पासून चालत आलाय, तेव्हा एका ब्रिटिश सिंडिकेटनं सुरुवात केली, पुढं १९६२ मध्ये त्यातूनच आजची मॉइल ही मँगनीजची सरकारी कंपनी झाली. एवढ्या वर्षांत कित्येक दशकं माल साफ करायची मुख्य मशीन म्हणजे हातोडी घेऊन ओळीनं बसलेल्या बायका. दगड फोडायचा, हातात घ्यायचा, वजन जोखायचं, रंग बघायचा, चांगला टोपलीत आणि खराब बाजूला.

तुमच्या आजींना एक सांगा. वर मनसरच्या भाऊंचं पत्र आहे बघा, जिगला ब्राउनाइट आणि गार्नेट वेगळं करता आलं नाही. हातानं निवडणाऱ्या बाईला ते येतं. कारण ती फक्त वजन बघत नाही, ती चमक बघते, तुकडा कसा फुटला ते बघते, पिवळट-तपकिरी दाणेदार दिसला की तिला कळतं हा गोंडाइट, जड लागला तरी. आता सॉर्टर मशीन आल्यात, पट्ट्यावरून दगड जातो, वरून कॅमेरा किंवा एक्सरे त्याला बघतो, आणि नको असेल तर दाबाच्या हवेचा फटका मारून बाजूला उडवतो. एक-दोन सेंटिमीटरच्या पुढच्या खड्यांना त्या छान चालतात आणि मला वाटतं मनसरसारख्या मालाला पुढं-मागं त्याच उपयोगी पडतील. पण त्या मशीनला सुद्धा कोणीतरी आधी नमुने दाखवून शिकवावं लागतं, हा घे, हा टाक.

आजींची तब्येत चांगली असेल तर माझ्यासाठी एवढं विचाराल का, त्या चांगल्या दगडाला काय म्हणायच्या, गार्नेटवाल्याला काय म्हणायच्या, आणि हातात घेतल्यावर पहिलं काय बघायच्या? त्यांच्याच शब्दात लिहून पाठवा. पुढच्या अंकात तसंच्या तसं छापू.